वेळेआधी पोचलेला भाऊ

१

दिवा लावेपर्यंत मुलीला काहीच कळलं नव्हतं.

चष्म्याच्या दुकानातून ती रोजच्या वेळेला घरी आली, ओला कोट दाराशी टांगला आणि "आई, अंधारात काय बसलीस?" असं म्हणत खिडकीजवळचा दिवा लावला. आई नेहमीच्या सरळ पाठीच्या खुर्चीत होती. मांडीवर शाल, मान एका खांद्यावर कललेली. झोप लागली असेल म्हणून मुलीने तिचा हात शालीखाली सारायला घेतला, आणि तो हात गार लागला.

तासाभरात महिला निरीक्षक हवालदाराला घेऊन त्या घरी पोचल्या. बरीच वर्षं पोलिसात गेली होती, तरी पायातले बूट काढून कोपऱ्यात नीट ठेवल्याशिवाय त्यांना कुणाच्या घरात पाऊल टाकवत नसे. हवालदारालाही त्यांनी ती सवय लावली होती.

पोलिसांना बोलावलं होतं ते घरच्या डॉक्टरांनी.

"मृत्यूच्या दाखल्यावर मी सही करणार नाही," ते म्हणाले. उंच, थकलेला माणूस. टोपी हातात गोल गोल फिरवत होता. "अर्धांगानंतर त्यांची छाती कमजोर झाली होती, हे खरं. पण झोपेच्या थेंबांची ही बाटली मी याच आठवड्यात नवी दिली होती. बघा."

बाटली त्यांनी दिव्यासमोर धरली. अर्ध्याच्याही खाली गेली होती.

"थेंब कोण द्यायचं?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

"दिवसा घरी येणाऱ्या सिस्टर. दुपारच्या जेवणानंतर, मोजून."

मुलगी आईच्या पायाशी खाली बसून होती. वय पंचेचाळिशीच्या आसपास, केस घट्ट बांधलेले, बोटांना चष्म्याच्या काचा घासायच्या पावडरीचा पांढुरका थर. सगळी गल्ली तिला ताईच म्हणायची, त्यामुळे बाईंच्याही तोंडात तेच आलं.

"ताई, कळल्यावर तुम्ही काय काय केलंत?"

"डॉक्टरांना फोन केला. देवमाणूस हो, फोन ठेवते न ठेवते तोच दारात. मग धाकट्याच्या घरी फोन लावला. माझा भाऊ. तो तिकडे पूर्वेला असतो, पार जगाच्या दुसऱ्या टोकाला. त्याच्या बायकोने उचलला. म्हणाली, सांगते त्याला, लगेच निघेल." तिने नाक पुसलं. "तेव्हापासून इथेच बसलेय. आईला एकटं कसं सोडू?"

डॉक्टरांनी मान हलवली. ताई जागची उठली नव्हती खरी.

बाई घरभर फिरल्या. स्वयंपाकघरात सगळं जिथल्या तिथे. आईच्या खोलीत पलंग, आणि त्याच्या बाजूला ताईची घडीची खाट. मागच्या छोट्या खोलीत आईचं जुनं शिलाई मशीन, कपड्यांचे उरलेले तुकडे, आणि भिंतीला लागून आणखी एक खाट. तिच्यावर परीटघडीची चादर, जाड रजई, उशाशी रबराची गरम पाण्याची पिशवी.

"ही खोली कुणाची?"

"धाकट्याची," ताई बाहेरूनच म्हणाली. "तो येतो तेव्हाची. दोन-दोन वर्षं येत नाही म्हणा."

तेवढ्यात हवालदार जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, त्या सिस्टरच्या घरी माणूस पाठवला होता. ती बॅग भरत होती म्हणे."

२

"बॅग भरू नको तर काय करू?" परिचारिका चौकीत आल्या आल्या कडाडली. "म्हातारी गेली म्हणून कळलं, तेव्हाच समजले की आता सगळं माझ्या डोक्यावर येणार. गरिबाच्याच डोक्यावर येतं. बहिणीकडे जाणार होते चार दिवस."

ठेंगणी, जाडसर बाई होती. एरवी हसरी असावी; आता ओठ थरथरत होते.

"थेंब किती दिलेत?"

"रोजच्याइतकेच. माझा हात कधी चुकत नाही. आणि खरं ऐकायचंय तर ऐका. आजी आज सकाळपासूनच पेंगत होत्या. मी नऊला गेले तेव्हा डोळे उघडत नव्हते. घास तोंडातच राहायचा."

"म्हणजे तुम्ही थेंब देण्याच्या आधीपासून?"

"हो तर! मी ताईंना दुकानात फोन केला. म्हटलं, आज थेंब नको देऊ का? त्या म्हणाल्या, गारठ्याने सुस्ती आली असेल, नेहमीचं औषध चुकवू नका. मग दिले. चारला निघाले तेव्हा श्वास चालू होता हो, मी स्वतः बघितलं."

बाईंनी ताईला विचारलं तेव्हा ताईने डोळे मिटून घेतले. "फोन आला होता. आई झोपलीय, एवढंच म्हणाल्या. औषधाचं काही बोलणं झालं नाही."

दुकानात त्या वेळी काचा घासायचं यंत्र चालू होतं. कुणी काही ऐकलं नव्हतं. एकीचा शब्द दुसरीच्या शब्दाविरुद्ध. एक आईसाठी लग्नाचा विचार बाजूला ठेवलेली, गल्लीने डोक्यावर घेतलेली मुलगी. दुसरी रोजावर येणारी आणि बॅग भरताना सापडलेली बाई. रात्रीच उरकलेल्या शवचिकित्सेत थेंबांचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. वरिष्ठांनी परिचारिकेला कोठडीत ठेवायला सांगितलं.

बाईंना मात्र चैन पडेना. त्या पुन्हा कोठडीच्या दाराशी गेल्या.

"आजींचं वागणं अलीकडे कसं होतं?"

"विचित्र," परिचारिका म्हणाली. "डोक्यावर परिणाम झाला होता असंच मला वाटायचं. घरात मऊ आरामखुर्ची आहे, पण ती नको. महिनाभर त्या सरळ पाठीच्या खुर्चीतच बसायचं. कमरेला शाल करकचून बांधून घ्यायच्या माझ्याकडून. आडवं होऊया म्हटलं तर, 'अजून नाही, अजून वेळ आहे.' दिवसेंदिवस जास्त जास्त बसायच्या. आणि कधी कधी मला म्हणायच्या, चला, अडगळीच्या खोलीत जाऊ. तिथे हात पसरायला जागा नाही! तिथे आत जायचं, दार लावायचं, गरकन वळायचं आणि बाहेर यायचं. घामाघूम व्हायच्या, आणि वर खूष! डॉक्टरांनी पायांना घट्ट लांब मोजे दिले होते, ते चढवताना माझीच कंबर जायची. ह्याला काय म्हणायचं, सांगा?"

नंतर चौकीच्या बाकावर बसून चहा पिताना बाईंनी नकळत आपल्या पोटावर हात बांधले, पाठ ताठ केली, आणि असं बसलेलं आपण कुठे पाहिलंय ते काही त्यांना आठवेना.

३

भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला दारात उभा राहिला.

बाई तेव्हा ताईकडेच होत्या. टॅक्सी थांबली, चाळिशीचा एक माणूस उतरला, डोळे लाल, दाढी वाढलेली. ताई अनवाणी रस्त्यावर धावली. दोघं एकमेकांना धरून इतका वेळ उभी राहिली की टॅक्सीवाल्याने भाडं न मागता इंजिन बंद केलं.

"कसा रे पोचलास इतक्यात?" ताई रडत म्हणाली.

"बायकोने सांगितलं तसाच निघालो," भाऊ म्हणाला. "अंगावरच्या कपड्यांनिशी."

शेजारच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पुलांची कामं करणारा एवढा मोठा इंजिनियर, पण आईचं कळल्याबरोबर हातातलं टाकून धावला. असा मुलगा हवा, असं कुणीतरी म्हणालंदेखील.

हवालदाराने परत येताना बोटांवर हिशोब केला. त्याला हिशोबाची हौस होती. "काल सातला ताईंनी फोन लावला. आज आठला विमान उतरलं. मधे तेरा तास. दहा तासांचं उड्डाण, वर तीन तास राहिले. घरून विमानतळावर जायचं, तिकीट काढायचं, चढायचं. म्हणजे बघा मॅडम, माणूस चप्पल घालायलासुद्धा थांबला नसणार."

"उड्डाण दहा तासांचं, हे कुणी सांगितलं?"

"ताईंनीच. काल त्या डॉक्टरांशी बोलत होत्या ना, इथून तिथे दहा तास लागतात म्हणून."

बाईंनी मान डोलावली. टॅक्सीवाला आणि भाऊ मिळून डिकीतून काहीतरी उतरवत होते, तेवढं दृश्य मात्र त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. मोठी सूटकेस होती. दोघांनी दोन बाजूंनी धरली, तरी पायरीवर टेकवावी लागली.

अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्या माणसाची.

४

त्या दिवशी दुपारी बाईंच्या मुलीचा फोन आला. मुलगी, जावई, नातू तिघंही ताईचा भाऊ राहायचा त्याच पूर्वेकडच्या शहरात राहत होते. दर हिवाळ्यात बाई एकदा जाऊन यायच्या. या वर्षी मुलीचा वेगळाच हट्ट होता: आता नोकरी पुरे, कायमचीच ये.

"बघू," बाई नेहमीसारखं म्हणाल्या.

"तू बघूच म्हणतेस. निदान महिनाभर तरी ये. मी तिकीट काढते."

"जाताना काही वाटत नाही गं. रात्री बसलं की डोळा लागेलागेपर्यंत उतरायचं येतं. परत येतानाच जीव जातो. पाय सुजून बूट चढत नाहीत."

"परतताना लांबच आहे ना ते. दोन तास जास्त."

"अंतर तर तेवढंच."

"अंतर तेवढंच, पण वारा समोरून. तो वैमानिक दर वेळी सांगतो ना, वर वारा पूर्वेकडे वाहतो, म्हणून इकडे येताना ढकलतो आणि तिकडे जाताना अडवतो. हिवाळ्यात तर जास्तच. आई? ऐकतेयस ना?"

बाई ऐकत नव्हत्या. त्या ताठ बसल्या होत्या, आणि आपलं पोट आपल्याच हातांनी आवळून धरलं होतं. विमानात पट्टा बांधून बसावं तसं.

सरळ पाठीची खुर्ची. कमरेला शाल. घट्ट मोजे, पाय सुजू नयेत म्हणून. अरुंद खोलीत जाऊन वळायचं, विमानातल्या संडासात वळावं लागतं तसं. म्हातारीच्या डोक्यावर कसलाही परिणाम झाला नव्हता. ती महिनाभर विमानात बसायचा सराव करत होती.

आणि धाकटा पूर्वेकडून पश्चिमेला आला होता. दहा तासांत नव्हे, बारा तासांत.

"ठेवते," बाई म्हणाल्या. "मला एका माणसाला भेटायचंय."

५

भावाला त्यांनी चौकीत बोलावलं नाही. त्याच गल्लीच्या टोकाला एक छोटी बाग होती, तिथल्या ओल्या बाकावर वर्तमानपत्र पसरून दोघं बसले.

"तुमचं घर विमानतळापासून किती लांब?"

"गावाबाहेर आहे. दीड तास तरी."

"आठला विमान इथे उतरलं. तिकडून इकडे बारा तास, म्हणजे आदल्या संध्याकाळी, इथल्या आठला ते उडालं. ताईंनी तुमच्या घरी फोन केला सातला. तासाभरात तुम्ही दीड तासाची वाट तुडवून, सामान देऊन विमानात बसलात?"

भावाने बाकावरच्या वर्तमानपत्राचा कोपरा दुमडला.

"फोन आला तेव्हा तुम्ही घरी नव्हताच. तुम्ही विमानतळावर होतात. तुमच्या बायकोला ते माहीत होतं. तुम्हाला आई गेल्याचं कळलं ते इथे उतरल्यावर. खरं ना?"

"फोन चालू केला आणि बायकोचा निरोप आला," तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "पट्ट्यावर सामान फिरत होतं. माझी सूटकेस तीनदा समोरून गेली, मला उचलता येईना."

"त्या सूटकेसमध्ये काय आहे?"

"आईचा कोट," तो म्हणाला. "तिकडे इथल्यापेक्षा थंडी जास्त. लांब बाह्यांचा, आतून लोकरीचा. बटणं मोठी लावून घेतली, तिला एका हाताने लावता यावीत म्हणून."



"तुम्ही आईला न्यायला आला होतात."

"तिनेच बोलावलं. महिन्यापूर्वी. म्हणाली, मला घेऊन जा, पण ताईला आत्ता सांगू नकोस. तू आलास की दोघं मिळून सांगू."

"का जायचं होतं त्यांना?"

"ते नका विचारू. ते तिचं नि माझं आहे."

"आणि खोटं का बोललात?"

"दारात ताई अनवाणी उभी होती हो!" तो एकदम मोठ्याने म्हणाला. "तिचा चेहरा बघितलात ना तुम्ही? आई गेली, वर ती तुला सोडून माझ्याकडे यायला निघाली होती, हेही तिला त्या क्षणी सांगू? निघाल्याची वेळ थोडी मागेपुढे केली, तर कुणाचं काय बिघडणार होतं? ताईला यातलं काहीच माहीत नव्हतं."

बाईंना मागची छोटी खोली आठवली. परीटघडीची चादर. उशाशी गरम पाण्याची पिशवी.

फोन झाल्यावर ताई आईपाशी बसली ती उठलीच नव्हती. मग भाऊ येणार हे आईशिवाय कुणालाच माहीत नसलेल्या त्या घरात, त्याची खाट तयार कुणी केली होती?

६

डॉक्टरांकडून उरलेलं काढून घ्यायला वेळ लागला नाही. त्यांचा दवाखाना नदीच्या पलीकडे, अर्ध्या तासाच्या वाटेवर होता.

"फोन ठेवते न ठेवते तोच तुम्ही दारात आलात," बाई म्हणाल्या. "या घरी दोन माणसं वेळेआधी पोचली, डॉक्टर. एक भाऊ, एक तुम्ही. भाऊ निघाला होता. तुम्हीही निघालाच होतात."

डॉक्टर टोपी शोधू लागले. ती खुंटीवर होती.

"तपासायला येणार होतो," शेवटी ते म्हणाले. "विमानाने जाऊ द्यायचं की नाही, हे ठरवायला. महिनाभर बसायचा सराव मीच करून घेत होतो. दहा तास बसता आलं तर पाठवेन, असं कबूल केलं होतं. आदल्या आठवड्यात त्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसल्या. हट्टी बाई! मला म्हणाल्या, जन्मभर मशीनवर बसले, तुमच्या विमानाचं काय कौतुक."

"हे आधी का सांगितलं नाहीत?"

"वचन दिलं होतं. आणि मृत्यूशी त्याचा काय संबंध, असं वाटलं. शिवाय..." ते खुर्चीत बसले. "इतक्या अशक्त पेशंटला मी पाठवायला निघालो होतो. लोक काय म्हणतील, ही भीतीही होती. कबूल करतो."

"ताईंना माहीत होतं?"

"मी सांगितलं नाही. पण दोन दिवसांपूर्वी त्या दवाखान्यात आल्या होत्या. एका ओळखीच्या बाईंबद्दल विचारत होत्या. कुणी म्हातारं माणूस विमानाने जाणार असेल तर डॉक्टर कशावरून हो किंवा नाही म्हणतो? मी म्हटलं, न्यायला येणारा माणूस पोचायच्या आदल्या दिवशी बघायचं. ताजंतवानं असेल तर जाऊ द्यायचं. सुस्त, पेंगुळलेलं दिसलं तर घरीच ठेवायचं."

बोलता बोलता त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला.

"अरे देवा," ते म्हणाले. "मीच सांगितलं तिला."

७

ताई दुकानात होती. मालकाने रजा दिली होती तरी आली होती; घरात बसवत नाही म्हणाली. मागच्या बाजूला घासायच्या यंत्रासमोर एकटीच होती. बाईंना पाहून तिने यंत्र बंद केलं, आणि खोलीत एकदम शांतता झाली.

"धाकट्याची खाट तुम्ही कधी घातलीत?"

ताईने एक काच उचलली, उजेडाकडे धरून पाहिली, खाली ठेवली.

"आदल्या रात्री घातली असेल," बाई म्हणाल्या. "तो थंडीत येणार, थकून येणार. तुमचा राग आईवर होता, त्याच्यावर नव्हता. सकाळी आईच्या दुधात थेंब घातलेत. सिस्टर म्हणत होती, त्या सकाळपासून पेंगत होत्या. तिचं कुणी ऐकलं नाही, कारण तुम्ही असं करायचं कारणच कुणाला दिसत नव्हतं. आईला मारायचं तुमच्या मनात नव्हतं, हेही मला वाटतं. संध्याकाळी डॉक्टर येतील, आई पेंगुळलेली दिसेल, ते म्हणतील, दहा तासांचं उड्डाण हिला झेपायचं नाही. धाकटा येईल, चार दिवस राहील, एकटाच परत जाईल. एवढंच हवं होतं ना?"

"तुम्हाला आई आहे?" ताईने विचारलं.

"नाही. मुलगी आहे."

"मग तुम्हाला नाही कळायचं." तिने हात पदराला पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. "कमरेला शाल बांधून बसायची. खिडकीतून वर बघायची. मला कळणार नाही? तिची सूज, तिचा खोकला, तिचं रात्रीचं कण्हणं मला झोपेत कळतं, आणि हे कळणार नाही? एकदा फोनवर त्याच्या येण्याचा दिवस पक्का करत होती, वर म्हणाली, ताईला सांगू नकोस. मी दारामागे उभी. हातात तिचं सूप. म्हटलं, एवढं काय चुकलं माझं? कधी आवाज चढवला? कधी अंथरूण ओलं राहू दिलं? आणि ती चोरून चालली होती. माझ्यापासून, चोरून!"

"सिस्टरने फोन केला तेव्हा..."

"तेव्हाच." ताईचा आवाज फुटला. "तेव्हाच सांगायला हवं होतं की दुपारचे थेंब देऊ नका. तोंडापर्यंत आलं होतं. पण तसं म्हटलं असतं तर सिस्टरने विचारलं असतं, का नको? एवढी मोजलेली नव्हती मी सकाळची मात्रा. म्हटलं, थोडी जास्त झोपेल. काय होतंय."

"आणि ती बिचारी कोठडीत आहे."

"माहीत आहे. सारखं वाटतं, आत्ता जाऊन सांगू. मग धाकटा दिसतो." तिने पहिल्यांदाच वर पाहिलं. "त्याला तुम्ही सांगणार की मी सांगू?"

"तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या.

दुकानाच्या पुढच्या भागात, चष्म्यांच्या कपाटाजवळ, भाऊ उभा होता. बाईंच्या मागोमाग आला होता. किती ऐकलं, ते विचारायची गरज नव्हती.

८

परिचारिका सुटली. चौकीतून बाहेर पडताना बाईंनी तिची माफी मागितली, तेव्हा ती म्हणाली, "मी सुटले हो. कामं सुटली ती सुटलीच. आता मला कोण घरात घेतंय?" पुढे बाईंनी दोन ठिकाणी स्वतः शब्द टाकला. एका ठिकाणी तिला घेतलं.

ताईने कोर्टात काही नाकारलं नाही. काही वर्षांची शिक्षा झाली. गल्लीतले लोक आधी रडले, मग चिडले, मग त्या घरावरून जाताना पलीकडच्या बाजूने जाऊ लागले. डॉक्टरांनी दवाखाना मुलाकडे सोपवला.

भाऊ परत गेला नव्हता. तिकडच्या कामावरून रजा वाढवत वाढवत त्याने हिवाळा इथेच काढला. दर आठवड्याला तुरुंगात भेटीला जायचा. ताई भेटायला बाहेर यायची नाही. आणलेलं फळ, गरम कपडे आत घ्यायची, निरोप काही नाही.

एक दिवस तो बाईंकडे आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "आई का येणार होती, ते तुम्ही मला विचारलं होतंत."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"ती म्हणाली, तुझी ताई अजून पन्नाशीच्या आत आहे. मी इथे आहे तोवर ती घरातून हलायची नाही. मी गेले की चार दिवस रडेल, मग जगायला लागेल. मला जायचं नाहीय रे, पण तिला मोकळं करायचं तर मला लांब गेलं पाहिजे. इतकं लांब, की तिला रोज येता येऊ नये. तिने अंतर विचारून घेतलं होतं माझ्याकडून. हजारो मैल म्हटल्यावर म्हणाली, पुरे तेवढं."

मुलीने काढलेलं तिकीट अजून बाईंच्या टेबलाच्या खणात होतं. जायचं की नाही, त्यांनी ठरवलं नव्हतं.

"ताईला वाटतं, आई तिला टाकून चालली होती," भाऊ म्हणाला. "खरं सांगितलं तर बरं वाटेल तिला, की मोडूनच पडेल? मला कळत नाही. तुम्ही सांगा."

"मला विचारू नका," बाई म्हणाल्या. "एवढंच सांगते, त्या घरात प्रत्येकाने दुसऱ्याचं भलं म्हणत एकेक गोष्ट लपवून ठेवली होती."

पुढच्या भेटीला त्याने चिठ्ठी पाठवली: आईबद्दल सांगायचंय. ताई बाहेर आली.

बारीक झाली होती. केस कापलेले. काचेपलीकडे बसली, हात मांडीवर. त्याने सगळं सांगितलं, आईच्याच शब्दांत, मधे कुठे न थांबता. ताई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरची एक रेषसुद्धा हलली नाही. तो बोलायचा थांबला, तरी ती तशीच बसून राहिली, आणि त्याला वाटलं, तिने ऐकलंच नाही.

"मोकळं करायचं होतं तिला मला," ताई शेवटी म्हणाली.

"हो."

"तू, ती, डॉक्टर. तिघांनी मिळून ठरवलंत."

"ताई..."

"मला एकदा विचारायचं होतंत रे," ती म्हणाली. "मला व्हायचंय का मोकळं, एवढं एकदा विचारायचं होतंत."

पहारेकरणीने वेळ संपल्याचं सांगितलं. ताई उठली, दोन पावलं गेली, परत आली. काचेला हात लावून म्हणाली, "तू आता घरी जा. तुझी बायको वाट बघत असेल." आणि तो उठायच्या आत ती दारातून आत गेली.